मेंदूच्या ऑपरेशनात पेशंट झोपलेला असतो, तेव्हा त्याचे हातपाय कोण तपासतं?

मेंदूच्या ऑपरेशनला पेशंटला सकाळी आठला आत नेलं की बाहेर चार-पाच जण बाकड्यावर बसून राहतात. दुपार होते, घरून आणलेला डबा तसाच असतो. दार उघडून नर्स बाहेर आली की सगळे उठून उभे राहतात. काय झालं विचारलं तर उत्तर एकच, 'चालू आहे'. पाच तास, सहा तास, कधी त्याहून जास्त. एवढा वेळ आत नक्की काय चालू असतं हे बाहेरच्यांना कुणी सांगत नाही, आणि सांगायला आतल्यांना उसंतही नसते.

मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचं ऑपरेशन, म्हणजे अन्युरिझमचं ऑपरेशन, हे यातलं सगळ्यात नाजूक. अर्धा वेळ फुग्यापर्यंत पोचण्यात जातो. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत आणखी एक काम सतत चालू असतं, ते म्हणजे झोपलेल्या माणसावर नजर ठेवणं. भूल दिलेला माणूस 'माझा हात जड पडतोय' असं सांगू शकत नाही. मग त्याच्या वतीने ते कोण सांगतं, कसं सांगतं, ते समजून घेऊ.

फुगा म्हणजे काय

शेतात ठिबकची मेन लाईन ज्यांनी टाकली आहे त्यांना हे लवकर कळेल. पाईप सरळ असतो तिथं सहसा फुटत नाही. जिथं टी लावून फाटा काढलेला असतो तिथं दाब येऊन आदळतो आणि जोड कमजोर होतो. मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. तिथून डावीकडं, उजवीकडं, पुढं, मागं फाटे निघतात. या फाट्यांच्या बेचक्यात वर्षानुवर्षं रक्ताचा मारा बसून वाहिनीची भिंत पातळ होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा फुगवटा येतो. हाच अन्युरिझम. बहुतेक फुगे काही मिलिमीटरचेच असतात, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, काही त्याहून मोठे.

मोठ्या माणसांत १०० पैकी साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो. हे वाचून घाबरून जायचं कारण नाही, कारण यातले बहुतेक फुगे जन्मभर फुटत नाहीत आणि माणूस दुसऱ्याच कारणाने म्हातारा होऊन जातो. पण फुटला तर मात्र गाठ वाईट. रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतं. अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश दगावतात आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना काही ना काही कमतरता राहते. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. वाढलेलं बीपी आणि विडी-सिगारेट ही दोन मोठी कारणं. घरात जवळच्या दोघांना हा त्रास झालेला असेल तर बाकीच्यांनी डॉक्टरांशी बोललेलं बरं.

फुटल्याची खूण एकच लक्षात ठेवावी. डोकं अचानक, एका क्षणात, जन्मात कधी दुखलं नाही असं दुखतं. अर्धशिशी हळूहळू चढते, हे तसं नसतं. त्यासोबत उलटी, मान ताठणं, उजेड सहन न होणं, एका डोळ्याची पापणी खाली पडणं, कधी झटका, कधी शुद्ध जाणं. काहींना मोठ्या फुटीच्या आधी काही दिवस असंच एक जोराचं दुखणं येऊन जातं आणि घरचे बाम चोळून, गोळी देऊन मोकळे होतात. गावात अजूनही 'बाहेरचं' म्हणून दुसरीकडं नेलं जातं. त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही, कारण एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटायचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असतो. १०८ ला फोन करायचा आणि सिटी स्कॅन असलेल्या ठिकाणी जायचं.

१९३७ सालची चांदीची चिमटी

२३ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी या सर्जनने अशा फुग्याच्या मानेला चांदीची छोटी क्लिप लावली. त्या रुग्णाची एका डोळ्याची पापणी खाली पडली होती, कारण फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत होता. रुग्ण वाचला. फुग्याच्या बुडाशी चिमटा लावून त्यात रक्त जाणं बंद करायचं, ही कल्पना तेव्हापासून आजपर्यंत तीच आहे. आता क्लिप टायटॅनियमची असते आणि सर्जन मायक्रोस्कोपमधून बघून काम करतो.

दुसरी पद्धत १९९० च्या दशकात आली. कवटी न उघडता मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमची मऊ तार वेटोळं करून भरायची. याला कॉइलिंग म्हणतात. २००२ साली २१४३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा फुटलेला फुगा दोन्ही पद्धतींनी बंद करता येण्यासारखा होता, अशाच रुग्णांची त्यात तुलना होती. एका वर्षानंतर दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून झालेले क्लिपमध्ये १०० तले ३१ च्या आसपास होते, कॉइलमध्ये २४ च्या आसपास. मात्र कॉइल केलेल्यांना पुढं पुन्हा उपचार करायची गरज जास्त पडली. त्यामुळं कोणती पद्धत हे फुग्याची जागा, त्याची मान रुंद की अरुंद, रुग्णाचं वय, रक्ताची गाठ आहे का, यावर ठरतं. शेजारच्या गावच्या कुणाचं कॉइलिंग झालं म्हणून आपलंही तेच करा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

भूलतज्ज्ञ काय बघतो

नातेवाईक सर्जनचं नाव पाठ करतात, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव कुणी विचारत नाही. या ऑपरेशनात त्या माणसाचं काम सर्जनइतकंच मोठं असतं.

ऑपरेशनात रुग्णाच्या नाडीची, श्वासाची लेखी नोंद ठेवायची पद्धत १८९० च्या दशकात बोस्टनमध्ये हार्वी कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या दोन विद्यार्थ्यांनी पाडली. त्या काळी इथरची भूल द्यायला शिकाऊ पोरांनाच उभं करत. कुशिंगच्या हातून भूल दिलेला एक रुग्ण टेबलावरच गेला आणि ते त्याच्या मनाला लागलं. पुढं १९०१ मध्ये इटलीला गेला असताना त्याने दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र बघितलं आणि ते अमेरिकेला नेलं. हाच कुशिंग पुढं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा मोठा जाणकार झाला. आज तालुक्याच्या दवाखान्यात दंडाला जो पट्टा गुंडाळतात त्याचा मेंदूच्या ऑपरेशनाशी इतका जुना संबंध आहे.

पण अन्युरिझमच्या ऑपरेशनात दंडाचा पट्टा पुरत नाही. पट्टा दर दोन-पाच मिनिटांनी बीपी सांगतो आणि फुगा फुटायला एक क्षण पुरतो. म्हणून मनगटाच्या धमनीत बारीक नळी बसवतात. तिच्यातून प्रत्येक ठोक्याचं बीपी पडद्यावर लाटेसारखं दिसत राहतं. ऑपरेशननंतर पेशंटच्या मनगटाला पट्टी दिसते ती याचीच. सलाईनची जागा चुकली म्हणून दुसरीकडं टोचलं, असा गैरसमज करून घेऊ नये.

बीपीचं गणित इथं दोन्ही बाजूंनी अडचणीचं. वाढलं तर फुगा फुटेल, पडलं तर मेंदूला रक्त कमी पडेल. फुटलेला फुगा बंद होईपर्यंत वरचं बीपी साधारण १६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, पण फार खालीही नाही. डोकं जराही हलू नये म्हणून कवटीला तीन टोकदार पिनांची चौकट घट्ट बसवतात. भूल असली तरी त्या क्षणी शरीर दचकतं आणि बीपी झपकन चढतं. भूलतज्ज्ञ त्याच्या आधीच जादा औषध देऊन तयार असतो. चांगल्या भूलतज्ज्ञाचं हेच काम, झटका यायच्या आधी हात औषधाकडं गेलेला असतो.

बोटाला एक चिमटा असतो. तो कोरोनात घरोघर पोचला, त्यामुळं ओळख करून द्यायची गरज नाही. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागचं तत्त्व शोधलं. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साईडही मोजला जातो, आणि मेंदूच्या ऑपरेशनात त्याला वेगळं महत्त्व आहे. हा वायू रक्तात वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मेंदू फुगतो, सर्जनला आत जायला जागा मिळत नाही. फार कमी झाला की वाहिन्या आकसतात आणि रक्त कमी पोचतं. व्हेंटिलेटरचा वेग एक-दोन श्वासांनी कमी-जास्त करून हे जमवून आणायचं असतं.

लघवीची नळी कशाला, असं बरेच जण विचारतात. मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल हे औषध देतात, त्याने लघवी भराभर होते. ती किती झाली हे मोजल्याशिवाय सलाईन किती द्यायचं ते ठरत नाही. रक्तातली साखर, अंगाचा ताप, हेही बघतात. अंग थंड ठेवलं तर मेंदू वाचतो असं पूर्वी अनेकांना वाटायचं. २००५ साली १००१ रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात अंग ३३ अंशांपर्यंत थंड करून फायदा दिसला नाही. तेव्हापासून सरसकट थंड करणं मागं पडलं.

शेवटच्या ड्रिपरला पाणी येतंय का

आता मुख्य गोष्ट. बीपी, ऑक्सिजन, नाडी सगळं चांगलं असूनही मेंदूचा एक कोपरा उपाशी राहू शकतो. मेन लाईनला दाब आहे, मोटर चालू आहे, पण कोपऱ्यातल्या एका नळीत माती अडकली आहे. मोटरकडं बघून ते कळत नाही. शेवटच्या ड्रिपरपाशी जाऊन बघावं लागतं.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण तो एकटा २० टक्के ऑक्सिजन खातो. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलीलीटर रक्त लागतं. ते २० च्या खाली आलं की पेशी जिवंत असतात, पण काम बंद करतात, त्यांची वीज मंदावते. १० च्या खाली गेलं की त्या मरायला लागतात. या २० आणि १० च्या मधल्या पट्ट्यातच माणसाचा हात-पाय वाचवायची संधी असते. पीक माना टाकतं पण अजून वाळलेलं नसतं, तशी ही अवस्था. विजेचा संदेश कमी झाला म्हणून कुणी वेळेत ओरडलं, तर पाणी सोडता येतं.

हे ओरडायचं काम नसांच्या मॉनिटरिंगचं. मोठ्या केंद्रांत त्यासाठी वेगळा तज्ज्ञ किंवा प्रशिक्षित टेक्निशियन कोपऱ्यात संगणक घेऊन बसलेला असतो. रुग्ण झोपल्यावर मनगट, घोटा, डोक्याची कातडी, तळहात, पिंढरी, पाऊल अशा जागी बारीक सुया किंवा चकत्या लावतात. घरी आल्यावर अंगावर डास चावल्यासारखे ठिपके दिसतात ते याचे.

पहिली तपासणी संवेदनेची. मनगटाच्या नसेला हलका विजेचा चिमटा दिला की तो संदेश हातातून, मानेतून मेंदूत पोचायला २० मिलिसेकंद लागतात. एक सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले २०. घोट्यापासून निघालेल्याला ४० च्या आसपास. डोक्यावरची चकती तो पकडते. पण हा संदेश फार क्षीण असतो, लग्नाच्या डीजेशेजारी चिमणीचा आवाज ऐकावा तसा. म्हणून शेकडो वेळा चिमटे देऊन त्यांची सरासरी काढतात, तेव्हा कुठं पडद्यावर स्वच्छ लाट दिसते. सुरुवातीला घेतलेली लाट ही त्या रुग्णाची स्वतःची मोजपट्टी. पुढं तिची उंची निम्म्यावर आली किंवा पोचायला १० टक्के जास्त वेळ लागला की धोक्याची सूचना द्यायची, असा नियम रूढ आहे.

दुसरी तपासणी उलट्या दिशेची, हालचालीची. डोक्याच्या कातडीतून विजेचे पाच-सहा झटपट ठोके देतात आणि हाता-पायाचा स्नायू आकसतो का ते बघतात. बाहेरून वीज देऊन जाग्या माणसाचा हात हलवता येतो, हे १९८० मध्ये इंग्लंडच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी दाखवलं. काहीशे व्होल्ट हा आकडा ऐकून दचकायला होतं, पण एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. या ठोक्याने सगळं अंग किंचित उडतं, जबडा आवळतो. जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत मऊ बोळा ठेवतात. आणि सर्जनची सुई त्या क्षणी मेंदूत असेल तर अनर्थ होईल, म्हणून आधी विचारून, त्याने हात थांबवल्यावरच ठोका देतात.

यात भूलतज्ज्ञाची पंचाईत होते. साध्या ऑपरेशनात स्नायू ढिले पाडायचं औषध भरपूर देतात, म्हणजे पेशंट हलत नाही. इथं ते औषध दिलं तर स्नायू उत्तरच देणार नाही. शिवाय वासाने द्यायची भूल या लाटा दाबून टाकते. म्हणून शिरेतून पंपाने थेंबाथेंबाने भूल द्यावी लागते, आणि स्नायू मोकळे ठेवूनही पेशंट हलू द्यायचा नाही, अशी दुहेरी कसरत सहा तास करावी लागते. बाहेरच्यांना हे दिसत नाही.

दोन तपासण्या कशाला, एक पुरत नाही का? पुरत नाही. मेंदूच्या खोल भागात केसासारख्या बारीक वाहिन्या हालचालीच्या दोऱ्यांना रक्त देतात. क्लिप लावताना यातली एखादी चिमटीत सापडली तर संवेदनेची लाट ठणठणीत राहते आणि पेशंट उठतो तेव्हा एका अंगावरून वारं गेलेलं असतं. असं घडल्याच्या नोंदी आहेत. हालचालीची तपासणी अशी चूक पकडते.

ती दहा मिनिटं

ऑपरेशनातला सगळ्यात अवघड काळ येतो तो कायमची क्लिप लावायच्या आधी. फुगा टरारून भरलेला असतो, हात लागला तरी फुटेल असा. म्हणून सर्जन त्याला रक्त आणणाऱ्या मुख्य वाहिनीला तात्पुरती, हलक्या पकडीची क्लिप लावतो. पाईपलाईन दुरुस्त करताना वरचा व्हॉल्व्ह बंद करतो तसंच. फुगा मऊ पडतो, त्याची मान नीट दिसते.

पण व्हॉल्व्ह बंद केला की खालचं सगळं शिवार कोरडं. त्या क्षणापासून ओटीत कुणीतरी मोठ्याने मिनिटं मोजतं. दोन झाली, तीन झाली, पाच झाली. भूलतज्ज्ञ आता उलटं काम करतो, बीपी मुद्दाम थोडं वाढवतो, म्हणजे आजूबाजूच्या फाट्यांतून वळसा घेऊन रक्त पोचेल. काही ठिकाणी भूल इतकी गाढ करतात की मेंदूची वीज अधूनमधूनच उमटते. काम बंद असलेल्या मेंदूला रक्त कमी लागतं. किती मिनिटं चालतं याला एकच उत्तर नाही. दहाच्या आत काढावी असा बहुतेकांचा प्रयत्न असतो. कुणाला वळशाचे रस्ते चांगले असतात, त्यांचा मेंदू जास्त सोसतो. कुणाची लाट दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच कोसळते.

लाट कोसळली की टेक्निशियन सांगतो. आधी खात्री करायची, एखादी सुई निघाली नाही ना, बीपी पडलं नाही ना. तसं नसेल तर सर्जन तात्पुरती क्लिप काढतो, रक्त वाहू देतो, लाट परत येईपर्यंत थांबतो, मग पुन्हा लावतो. हे दोनदा, तीनदा करावं लागतं. 'पाच तास सांगितले होते, सात का लागले' याचं उत्तर कधी कधी या थांबण्यात असतं.

आणि तेवढ्यात फुगा फुटलाच तर? मायक्रोस्कोपखाली सगळं लाल होतं, काही दिसत नाही. तेव्हा ॲडिनोसिन नावाचं इंजेक्शन देऊन हृदय काही सेकंदांसाठी थांबवायची युक्तीही वापरली जाते. तेवढ्या सेकंदांत रक्त ओसरतं, मान दिसते, क्लिप बसते, हृदय पुन्हा चालू होतं. पडद्यावरची सरळ रेघ बघत उभं राहायला किती धीर लागत असेल, त्याची कल्पना बाहेर बसून येत नाही.

क्लिप बसली, पण नीट बसली का

क्लिप बसल्यावर दोन प्रश्न उरतात. फुग्यात रक्त जायचं पूर्ण थांबलं का, आणि शेजारची चांगली वाहिनी तर दाबली गेली नाही ना. पेन्सिलच्या टोकाहून बारीक डॉप्लर वाहिनीवर टेकवतात आणि कान देऊन ऐकतात. चांगल्या वाहिनीत सूं-सूं असा ठोक्याचा आवाज यायला हवा, फुग्यावर शांतता हवी. दुसरा उपाय रंगाचा. शिरेतून हिरवट रंगाचं औषध सोडतात, मायक्रोस्कोपचा खास कॅमेरा लावतात आणि काही सेकंदांत रक्त वाहतं तेवढ्याच वाहिन्या पडद्यावर पांढऱ्या उजळतात. मेंदूच्या ऑपरेशनात याचा वापर २००३ च्या सुमारास सुरू झाला. फुगा काळा राहिला आणि बाकी सगळं उजळलं की काम झालं. नाही तर क्लिप काढून परत बसवायची, आणि हे टाके घालायच्या आधीच कळतं.

कॉइलिंगमध्ये कवटी उघडत नाहीत म्हणून ते सोपं, असंही कुणी समजू नये. तिथंही मनगटातून बीपी बघतात. आत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध देतात आणि रक्त किती वेळात गोठतं ते पुन्हा पुन्हा तपासतात. मध्येच बीपी एकदम चढलं आणि नाडी मंदावली तर भूलतज्ज्ञ लगेच सावध होतो, आत फुटलं असावं अशी ती खूण. ही खूण कुशिंगच्याच नावाने ओळखली जाते. नंतर पाय काही तास सरळ ठेवायला सांगतात आणि पावलाची नाडी बघत राहतात. पेशंटला वाकायची घाई असते, तिथं घरच्यांनी थोडं कडक व्हायला हरकत नाही.

यंत्र देव नाही

एवढं सगळं लावलं म्हणजे लकवा होणारच नाही, असं मात्र नाही. शेवटपर्यंत लाटा चांगल्या असूनही नंतर अशक्तपणा येतो, आणि लाट पडूनही पेशंट ठणठणीत उठतो, असं दोन्ही होतं. बोलणं, स्मरणशक्ती, स्वभाव हे झोपलेल्या माणसात या तपासण्यांनी कळतच नाही. या मॉनिटरिंगमुळं किती रुग्ण वाचतात हे पक्कं सांगणारा पुरावाही अजून कमी आहे. तरीही बऱ्याच सर्जनना ते हवं असतं, कारण चूक दुरुस्त करता येण्याच्या वेळेत कळते. दुसरीकडं, हे यंत्र आणि ते वाचणारा माणूस सगळीकडं नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यूरोसर्जन असला तरी ही सोय असेलच असं नाही.

म्हणून ऑपरेशन आधी ठरवून होणार असेल, म्हणजे फुगा फुटलेला नसताना सापडला असेल, तर सर्जनना सरळ विचारावं: हातापायाच्या नसांचं मॉनिटरिंग लावणार का, ते कोण बघणार, वाहिनी तपासायला डॉप्लर किंवा रंगाची सोय आहे का, तुमच्याकडं अशी ऑपरेशनं किती होतात. डॉक्टरांना राग येईल म्हणून लोक गप्प बसतात. बैल घेताना दात बघतो, इथं तर घरचा माणूस आहे. फुटलेल्या फुग्यात मात्र असं चार दवाखाने फिरायला वेळ नसतो. तिथं जवळचं, न्यूरोसर्जन आणि आयसीयू असलेलं ठिकाण महत्त्वाचं.

खर्चाचं म्हणाल तर शेत गहाण टाकायच्या आधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपला आजार, ठरलेली पद्धत आणि तो दवाखाना, तिन्ही योजनेत बसतात का हे त्याच्याकडून भरती होतानाच विचारून घ्यावं, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्यावं.

बाहेर आल्यावरचे चौदा दिवस

ऑपरेशन नीट झालं, पेशंटने डोळे उघडले, की गावाकडचे निम्मे लोक परततात. फुटलेल्या फुग्याच्या रुग्णाचा धोका तेव्हा संपलेला नसतो. मेंदूभोवती पसरलेल्या रक्तामुळं चौथ्या दिवसापासून साधारण चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या वाहिन्या आकसू शकतात. काल बोलणारा माणूस आज गप्प होतो किंवा एक हात उचलेनासा होतो. म्हणून आयसीयूत तासातासाला उठवून नाव विचारतात, गाव विचारतात, हात दाबायला सांगतात, डोळ्यात बॅटरी मारतात. 'जरा झोपू द्या की त्यांना' असं म्हणून नर्सशी भांडणं होतात. हे उठवणं हेच इथलं मॉनिटरिंग. कानशिलावर डॉप्लर लावून वाहिनीतला वेगही बघतात, आणि रक्तातलं सोडियम रोज तपासतात, कारण ते घसरलं की पेशंट गुंगीत जातो.

भेटायला आत गेलेल्या माणसाला कधी कधी यंत्राच्या आधी कळतं. 'आज बोलणं जरा वेगळं वाटतंय', 'ओळख पटायला वेळ लागला', असं वाटलं तर लगेच नर्सला सांगावं, डॉक्टरांच्या फेरीपर्यंत थांबू नये.

या काळात निमोडिपिन नावाची गोळी दिली जाते, साधारण २१ दिवस, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. काही पेशंट २१ दिवस व्हायच्या आत घरी येतात आणि रात्री दोनची गोळी बुडते. मोबाईलला गजर लावून ठेवावा. किती गोळ्या, किती दिवस हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावं, आणि त्याच कागदासोबत क्लिप किंवा कॉइलचं कार्ड मागून घ्यावं. पुढं कधी एमआरआय काढायची वेळ आली तर आत कोणत्या धातूची क्लिप आहे हे विचारलं जातं. जुन्या काही क्लिप एमआरआयच्या चुंबकाला चालत नाहीत. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवलं की दहा वर्षांनीही सापडतं.